जुना ट्रॅक्टर कोणी पारखायचा?

बैल पारखण्याची विद्या महाराष्ट्राच्या खेड्यांत कोणा एकाच्या मालकीची कधीच नव्हती. बाजारात उभ्या असलेल्या जनावराचा जबडा उघडून ते आदत आहे, दोन दाती आहे की जुळले आहे, हे शाळेचे तोंड न पाहिलेला शेतकरीही सांगू शके. खूर, खांदा, चाल, डोळ्यांतील पाणी, अंगावरचे भोवरे यांपैकी काही गोष्टी अनुभवाच्या होत्या, काही निव्वळ समजुतीच्या होत्या; परंतु त्या सर्वांच्या होत्या. दलाल तेव्हाही होता. रुमालाखाली बोटे धरून भाव ठरविताना तो दोन्ही बाजूंकडून पैसे खाई. पण बैलाचे वय त्याला लपविता येत नसे, कारण ते बैलाच्या तोंडातच लिहिलेले असे. शंका उरलीच, तर जनावर औताला जुंपून पाहण्याची मुभाही असे.

आज त्या बैलाच्या जागी ट्रॅक्टर उभा आहे. २०१९ च्या पशुगणनेत देशातील गोवंशातील नरांची संख्या २०१२ च्या गणनेपेक्षा सुमारे तीस टक्क्यांनी घटलेली आढळली. महाराष्ट्रात २०१५ साली बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली आणि थकलेला बैल विकून, त्या पैशात भर घालून नवा आणण्याची जी पिढ्यान्‌पिढ्यांची रीत होती ती मोडली. मध्यम ताकदीच्या नव्या ट्रॅक्टरला आज सहा ते आठ लाख रुपये पडतात. राज्यातील सरासरी जमीनधारणा २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार १.३४ हेक्टर, म्हणजे जेमतेम सव्वातीन एकर आहे. ह्या दोन आकड्यांमध्ये जी दरी आहे, ती जुन्या ट्रॅक्टरने भरून निघते. दहा-पंधरा वर्षे वापरलेला, दोन-तीन मालक पाहिलेला आणि दोन-तीन लाखांत मिळणारा ट्रॅक्टर हाच लहान शेतकऱ्याचा खरा ट्रॅक्टर होय. आणि नेमके हेच यंत्र पारखण्याची विद्या गावाच्या हाती राहिलेली नाही. ती दलालाच्या, वित्त कंपनीच्या आणि तिने नेमलेल्या मूल्यमापकाच्या हाती गेली आहे. बैल पारखणारा बाप आणि ट्रॅक्टर घेणारा मुलगा यांच्यामध्ये, एका पिढीच्या अवधीत, ज्ञानाची मालकी अशी बदलली. आपल्या चळवळीने ह्या बदलाची पुरेशी दखल घेतलेली नाही.

दखल न घेण्याचे एक कारण उघड आहे. ट्रॅक्टर म्हटला की आपल्या शिबिरांतून अजूनही तो हवा की नको हाच वाद रंगतो. हा वाद पोकळ नव्हता. हान्स बिन्सवांगर यांनी १९७८ साली दक्षिण आशियातील ट्रॅक्टरविषयक पाहण्यांचा जो आढावा घेतला, त्यात ट्रॅक्टरमुळे उत्पादनात ठळक वाढ झाल्याचा पुरावा सापडला नाही. ट्रॅक्टर प्रामुख्याने बैलांची आणि माणसांची जागा घेतो, असेच चित्र पुढे आले. शेतमजुराच्या बाजूने विचार करणाऱ्याने ते विसरू नये. परंतु शिवाराने आपल्या ठरावांची वाट पाहिली नाही. देशात आज वर्षाला नऊ लाखांच्या आसपास नवे ट्रॅक्टर विकले जातात आणि त्यांतील बहुतेक, पुढेमागे, जुने म्हणून लहान शेतकऱ्याच्या दारात येतात. तेव्हा प्रश्न आता असा आहे की, आलेले हे यंत्र त्याला तारणार की बुडविणार, हे आधी कोणी आणि कसे सांगायचे?

ट्रॅक्टर भरवशाचा आहे असे आपण म्हणतो तेव्हा आपल्याला नेमके काय म्हणायचे असते? कंपनीच्या जाहिरातीत भरवसा म्हणजे न बिघडणे. शेतकऱ्याच्या व्यवहारात भरवसा म्हणजे वाफसा न चुकणे. मृगाचा पाऊस पडून गेल्यावर काळ्या जमिनीला वाफसा येतो आणि तो चार-सहा दिवस टिकतो. त्या दिवसांत पेरणी साधली तर साधली; नाही तर पुढच्या पावसाची वाट पाहायची आणि पिकाचे दिवस कमी करून घ्यायचे. वर्षाचे उरलेले दिवस ट्रॅक्टर दहा वेळा बंद पडला तरी माणूस निभावून नेतो. म्हणून खरा हिशेब किती वेळा बिघडला याचा नसून, बिघडल्यावर किती वेळात उभा राहिला याचा आहे. नोझल खराब झाले, पट्टा तुटला, क्लचची तार निसटली, आणि गावातल्या मेस्त्रीने कंदिलाच्या उजेडात संध्याकाळपर्यंत तो चालू करून दिला, तर तो ट्रॅक्टर जुना असूनही भरवशाचा. उलट, तीन वर्षांत एकदाच बिघडणारा, पण बिघडल्यावर कंपनीच्या माणसाची आणि त्याच्या संगणकाची आठ दिवस वाट पाहायला लावणारा ट्रॅक्टर नवा असूनही बेभरवशाचा.

ही गोष्ट एकट्या मालकाच्या नफ्यातोट्याची असती, तर तीवर ह्या पानावर लिहिण्याचे कारण नव्हते. ट्रॅक्टरचा खर्च काढताना साधारणतः दहा वर्षे किंवा दहा हजार तास आयुष्य आणि वर्षाला हजार तास काम असे गृहीत धरले जाते. आता पाच एकरांचा हिशेब करून पाहा. नांगरट, दोन पाळ्या, रोटाव्हेटर, पेरणी, दोन्ही हंगाम धरले तरी वर्षाला पन्नास-साठ तासांपेक्षा अधिक काम निघत नाही. म्हणजे हप्ता फेडायचा तर ट्रॅक्टर दुसऱ्याच्या शेतात भाड्याने जाणे भागच आहे. एका जुन्या ट्रॅक्टरच्या भरवशावर गावातली दहा-पंधरा कुटुंबे पेरणीला बसलेली असतात, आणि त्यांतील काहींनी उचल म्हणून पैसेही दिलेले असतात. तो पेरणीच्या तोंडाशी बंद पडला तर मालकाचा हप्ता चुकतो, हे दिसते. इतरांचा वाफसा गेला, हे कोणत्याच वहीत लिहिले जात नाही.

मग पारख कशी करायची? ह्या विद्येत गूढ काहीच नाही, आणि म्हणूनच ती मूठभरांच्या हाती राहावी याचा राग यावयास हवा. जाणकार मेस्त्री सौद्याला सकाळी लवकर जातो आणि प्रथम इंजिनाला हात लावतो. विकणाऱ्याने आधीच इंजिन गरम करून ठेवले असेल तर थंडीत ते चालू होण्यास कुरकुरते, हे समजून घ्यावे. थंड इंजिन किती फेऱ्यांत पकडते, हे पहिले निदान. नंतर धूर. निळा धूर सुटत राहिला तर इंजिन ऑइल खाते आहे. लायनर, पिस्टन, रिंगा यांचे काम निघणार. काळा धूर बहुधा नोझल, पंप किंवा हवेच्या गाळणीकडे बोट दाखवितो, आणि तो खर्च त्यामानाने थोडा. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबला नाही तर पाणी आत जात असण्याची शंका घ्यावी. ऑइलची पट्टी काढून पाहावी. ऑइल दुधाळ दिसले तर पुढे बोलणेच नको. रेडिएटरचे झाकण उघडून पाण्यावर तवंग किंवा बुडबुडे आहेत का, हे पाहावे, अर्थात इंजिन थंड असताना. तापल्यावर ब्रीदरच्या नळीपाशी हात धरावा. तिथून जोराने वाफारा येत असेल तर सिलिंडरमधील दाब खाली निसटतो आहे असे समजावे.

इंजिन हा मात्र पारखीचा सोपा भाग आहे, कारण ते खोलून पुन्हा बांधता येते आणि त्याचा खर्च आधी अजमावता येतो. फसवणूक होते ती मागच्या बाजूला. लिफ्टवर जड नांगर उचलावा, इंजिन बंद करावे आणि पाहत बसावे. नांगर हळूहळू खाली बसू लागला तर हायड्रोलिकमध्ये गळती आहे. भरलेली ट्रॉली जोडून चढावर न्यावी. गिअर निसटतो का, क्लच घसरतो का, दोन्ही ब्रेक सारखे धरतात का, हे रिकाम्या ट्रॅक्टरवर कधीच कळत नाही. हाउसिंगवर वेल्डिंगचा टाका आहे का, पुढच्या आसाच्या पिना ढिल्या आहेत का, मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला ऑइलचा ओघळ आहे का, हे वाकून आणि खाली निजून पाहावे लागते. तासांच्या मीटरवर विश्वास ठेवू नये. ते बंद ठेवता येते आणि बदलताही येते. पायाखालच्या पेडलची झिज मात्र सहसा खोटे बोलत नाही. आणि ताजा रंग दिसला की तो कशावर दिला आहे, हे आधी विचारावे. (रंगावर खर्च करणाऱ्याने ऑइलवर खर्च केला असता तर रंगाची गरज पडली नसती, असे एक वृद्ध मेस्त्री म्हणत असत.)

यापेक्षाही मोठी पारख यंत्राच्या पूर्वायुष्याची आहे. एकाच वर्षी, एकाच कारखान्यातून निघालेले दोन ट्रॅक्टर दहा वर्षांनी दोन निराळी यंत्रे झालेली असतात. कोकणात भातखाचरांच्या चिखलणीत लोखंडी चाके लावून चाललेल्या ट्रॅक्टरच्या सीलांतून चिखलपाणी आत शिरलेले असू शकते. वरून तो कितीही देखणा दिसो. नाशिककडच्या द्राक्षबागेत फवारणीच्या ब्लोअरवर चाललेल्या छोट्या ट्रॅक्टरचे पी. टी. ओ. झिजलेले असते, पण त्याने जड ओढ फारशी केलेली नसते. सर्वांत वाईट दशा साखर कारखान्याला दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्यांची. गाळपाच्या हंगामात रात्रंदिवस, प्रमाणाबाहेर भरलेला ऊस ओढून त्यांचे क्लच, गिअर आणि मागचा आस यांचा चुराडा होतो, आणि हंगाम संपल्यावर, मजुरांना दिलेली उचल बुडाल्यामुळे म्हणा किंवा हप्ता थकल्यामुळे, त्यांतील कित्येक विक्रीस निघतात. विकणारा त्यांना ‘घरच्या शेतीतला’ म्हणतो. घरच्या शेतीतला कोण आणि ट्रॉलीचा कोण, हे मागचा टो-हुक, त्याचे भोक आणि मडगार्डवरच्या खुणा पाहून ओळखता येते. त्याहून खात्रीचा एक मार्ग आहे, आणि तो कोणी वापरत नाही. मालकाला न विचारता त्या ट्रॅक्टरच्या चालकाला विचारावे. कोणता गिअर कोणत्या चढावर निसटतो, दर किती दिवसांनी ऑइल घालावे लागते, ब्रेक कधीपासून एका बाजूला ओढतो, हे त्याच्या पायांना आणि कानांना ठाऊक असते. वर्षानुवर्षे तो त्या आसनावर बसलेला असतो. तरीही सौद्याच्या वेळी त्याला चहा आणायला पाठविले जाते.

कागदांची पारख हा आणखी एक सापळा. नोंदणीपुस्तकावर वित्त कंपनीचा बोजा उतरला आहे की नाही, चॅसिस आणि इंजिनावर ठोकलेले क्रमांक पुस्तकाशी जुळतात की नाही, पंधरा वर्षांनंतरचे नोंदणीचे नूतनीकरण झाले आहे की नाही, आणि वाळूच्या चोरट्या वाहतुकीत पकडला जाऊन महसूल खात्याचा दंड त्यावर थकलेला आहे की नाही, हे पाहिल्याखेरीज इसार देणे म्हणजे दुसऱ्याचे कर्ज आपल्या अंगावर घेणे होय. बँका अशा जुन्या यंत्राला कर्ज देण्यास नाखूश असतात. म्हणून लहान शेतकरी चढ्या व्याजाच्या खाजगी वित्त कंपनीकडे किंवा सरळ सावकाराकडे जातो. हप्ता थकला की ट्रॅक्टर ओढून नेण्यासाठी वसुलीची माणसे येतात. वसुलीसाठी गुंडांचा वापर करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ सालीच बजावले होते. तरीही सप्टेंबर २०२२ मध्ये झारखंडमधील हजारीबाग जिल्ह्यात वसुलीसाठी आलेल्यांनी ओढून नेलेल्या ट्रॅक्टरखाली एका शेतकऱ्याची गरोदर मुलगी चिरडली गेली. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने संबंधित वित्त कंपनीला बाहेरच्या माणसांकरवी वसुली करण्यास मनाई केली, आणि काही महिन्यांत ती मनाई उठविलीही. वाईट ट्रॅक्टर चुकीच्या भावाने घेतल्याची परिणती कुठवर जाऊ शकते, याची कल्पना ज्यांना यंत्र हा निव्वळ तांत्रिक विषय वाटतो त्यांनी करून पाहावी.

ह्या सर्वांत शासन कोठे आहे? शासन नव्या ट्रॅक्टरची परीक्षा घेते. मध्यप्रदेशातील बुधनी येथे १९५५ पासून केंद्र सरकारची यंत्रपरीक्षण व प्रशिक्षण संस्था आहे; ओढ, पी. टी. ओ.ची ताकद, इंधनाचा खप, ब्रेक यांचे तेथे काटेकोर मोजमाप होते. ते काम मोलाचे आहे. पण तेथे तपासला जातो तो कारखान्यातून आलेला नमुना. तेच यंत्र बारा वर्षांनी गेवराईच्या किंवा दारव्ह्याच्या बाजारात उभे राहते तेव्हा त्याची परीक्षा घेणारे सरकारी खाते कोणतेच नाही. अनुदानाचीही तीच तऱ्हा. नवा ट्रॅक्टर घेणाऱ्या लहान शेतकऱ्याला, सोडतीत नाव निघाले तर, सव्वा लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. उरलेले पाच-सहा लाख त्याने कर्जाने उभे करावयाचे. दारातील जुन्या ट्रॅक्टरचे इंजिन नव्याने बांधावयास मात्र एक रुपया मिळत नाही, जरी त्या सव्वा लाखात बहुतेकदा ते सबंध काम होऊन जाईल. अनुदान शेतकऱ्याच्या नावाने निघते आणि कारखानदाराच्या विक्रीत जमा होते, असे कोणी म्हटले तर त्याला उत्तर देणे कृषिखात्याला जड जाईल. २०२५ च्या सप्टेंबरात वस्तू व सेवा कराचे दर उतरले तेव्हा ट्रॅक्टरवरील कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला आणि त्याचे टायर व सुटे भाग १८ वरून ५ टक्क्यांवर आले. जुन्या ट्रॅक्टरवाल्याच्या दृष्टीने त्यातला दुसरा भाग अधिक महत्त्वाचा. पण वर्तमानपत्रांत गाजला तो पहिलाच.

यंत्राची परीक्षा हे शासनाचे काम आहे हा विचार कोणा क्रांतिकारकाने मांडलेला नाही. तो अमेरिकेतील नेब्रास्का राज्याच्या एका शेतकरी-आमदाराने मांडला. विल्मॉट क्रोझियर यांनी घेतलेला ट्रॅक्टर कामास नालायक ठरला, दुसऱ्यानेही दगा दिला, आणि त्या चिडीतून १९१९ साली तेथे कायदा झाला की, राज्य विद्यापीठाच्या परीक्षेस उतरल्याखेरीज कोणतीही कंपनी राज्यात ट्रॅक्टर विकू शकणार नाही. १९२० पासून ह्या परीक्षा सुरू झाल्या. ह्या कायद्याचा एक भाग आपल्याकडे सहसा सांगितला जात नाही. परीक्षेबरोबरच, कंपनीने सुट्या भागांचा पुरेसा साठा राज्यातच ठेवला पाहिजे, अशी सक्ती त्यात होती. सुटा भाग मिळाला नाही तर उत्तम यंत्रही लोखंडाचा ढीग होते, हे त्या शेतकऱ्यांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखले होते.

आपल्याकडे सुट्या भागांची ही जबाबदारी कोणाची? एच. एम. टी. ह्या सरकारी कंपनीने १९७१ पासून पिंजोर येथे झेकोस्लोव्हाकियाच्या झेटर कंपनीच्या सहकार्याने ट्रॅक्टर काढले. तो कारखाना बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ मध्ये घेतला. कामगारांच्या देण्यांविषयी निदान चर्चा तरी झाली. ते ट्रॅक्टर ज्यांच्या शेतात उभे होते त्यांच्या सुट्या भागांचे काय, हा प्रश्न कोणी विचारल्याचे आढळत नाही. सार्वजनिक क्षेत्राचे आपण पाठीराखे आहोत, म्हणून हे आपणच अधिक कठोरपणे म्हटले पाहिजे. हे ट्रॅक्टर आजही चालताना दिसतात, ते मेस्त्र्यांच्या चिकाटीवर, बाजारातल्या बिगर-कंपनी भागांवर आणि मोडीत निघालेल्या भाऊबंदांच्या अवयवांवर. याच्या शेजारी ‘स्वराज’ची कहाणी ठेवून पाहावी. दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेत मनमोहन सुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परदेशी सहकार्याविना एक ट्रॅक्टर घडविला. दिल्लीने त्याकडे पाठ फिरविली, तेव्हा पंजाब सरकारने तो उचलला, आणि १९७४ साली मोहालीत ‘स्वराज ७२४’ निघू लागला. पुढे १९८५ मध्ये त्याच्या इंजिनासाठी पुण्याच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सच्या सहकार्याने निराळी कंपनी निघाली. २००७ मध्ये पंजाब ट्रॅक्टर्स महिंद्राकडे गेली. ‘स्वराज’ हे नाव मात्र राहिले. राहिले म्हणून सुटे भाग राहिले. जुन्या ‘स्वराज’च्या मालकाला आज एच. एम. टी.च्या मालकापेक्षा बरे दिवस आहेत ते एवढ्याच कारणाने. ह्यात यंत्राच्या जातकुळीचा वाटा थोडाच आहे.

यंत्राची मालकी बदलली की भरवसा आपोआप शेतकऱ्याकडे जातो, असेही नाही. सोव्हिएत रशियात सामूहिक शेतांना ट्रॅक्टर पुरविणारी सरकारी यंत्र-ट्रॅक्टर केंद्रे होती. ती जुलमीही होती, कारण त्यांच्या द्वारे सरकार शेतांवर हुकूम गाजवी. १९५८ मध्ये ख्रुश्चेव्ह यांनी ती मोडली आणि ट्रॅक्टर शेतांना विकत घ्यावयास लावले. शेते कर्जात गेली. आणि केंद्रांतील मेस्त्री शेतांवर राहण्याऐवजी मोठ्या संख्येने शहरांकडे निघून गेले. ट्रॅक्टर शेतकऱ्यांचे झाले, पण ते चालू ठेवणारा हात गेला. आपल्या अवजारे बँकांच्या योजना आखणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर वाचावे. अवजारे बँकेच्या उद्‌घाटनाला मंत्री येतात. तिच्या मेस्त्रीच्या पगाराची तरतूद शोधू गेल्यास सापडत नाही.

आता पुढच्या काळाची एक अडचण. १ जानेवारी २०२३ पासून पन्नास अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक नियम लागू झाले आणि त्यांच्या इंधनपुरवठ्यात इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आले. हवा स्वच्छ राहावी यास कोणाचा विरोध असणार नाही. परंतु ह्या इंजिनाचा दोष कळण्यासाठी कंपनीचा संगणक लागतो. अमेरिकेत ह्याच मुद्द्यावर जॉन डिअर कंपनीविरुद्ध शेतकरी अनेक वर्षे भांडत आहेत. कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये शेतकऱ्याचा दुरुस्तीचा हक्क कायद्याने मान्य केला आणि जानेवारी २०२५ मध्ये तेथील संघराज्य व्यापार आयोगाने कंपनीवर दावा लावला. आपल्या केंद्र सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तिच्या विषयांत शेतीयंत्रांचा समावेश केला, आणि वर्षअखेरीस एक पोर्टलही उघडले. पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. नवा ट्रॅक्टर घेणाऱ्याला हमीच्या काळात हा प्रश्न जाणवतही नाही. जाणवेल तो त्याच्याकडून दहा-बारा वर्षांनी तोच ट्रॅक्टर विकत घेणाऱ्या लहान शेतकऱ्याला. आणि तो आज कोणत्याच समितीपुढे साक्षीला उभा नाही.

इतके लिहिल्यावर एक इशारा देणे अवश्य आहे. जुन्या यंत्राविषयी भाबडा जिव्हाळा नको. ‘जुने ते दणकट’ असे म्हणणाऱ्यांना त्या दणकटपणाखाली किती चालक दबून मेले, याची गणती नसते. बहुतेक जुन्या ट्रॅक्टरांवर उलटल्यास चालकाला वाचविणारी चौकट नसते, फिरत्या पी. टी. ओ. दांड्यावरचे झाकण कधीच गळून पडलेले असते आणि त्यात धोतराचा सोगा वा साडीचा पदर अडकतो. ट्रॉलीला मागचा दिवा नसतो आणि अंधारात उसाच्या ट्रॉलीवर वाहने आदळतात. चालकाच्या जिवाला जो ट्रॅक्टर भरवशाचा नाही, तो मालकाच्या हप्त्याला कितीही भरवशाचा असला तरी आपल्या व्याख्येत बसत नाही. म्हणून तपासणीत ब्रेक, झाकण आणि दिवा यांना इंजिनाच्या धुराआधी स्थान हवे.

ही तपासणी कोणी करावी, यासाठी नवे खाते उघडण्याची गरज नाही. ठिकठिकाणच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत ट्रॅक्टर मेकॅनिकचा अभ्यासक्रम आहे. तेथे निदेशक आहेत, हत्यारे आहेत, आणि शिकणाऱ्या मुलांना खोलून पाहण्यासाठी यंत्रे मिळत नाहीत ही त्यांची नेहमीची तक्रार आहे. सहकारी साखर कारखान्यांकडे कर्मशाळा आहेत आणि गाळप नसते तेव्हा तेथील कारागिरांच्या हाताला काम कमी असते. तालुका खरेदी-विक्री संघांची गोदामे आहेत. ह्या तिघांनी मिळून आठवड्यातून एक दिवस, ठरलेल्या अल्प शुल्कात, कोणाचाही जुना ट्रॅक्टर तासून पाहावा आणि आढळले ते मराठीत, सहीशिक्क्यानिशी लिहून द्यावे. महिन्याभरात ट्रॅक्टर बिघडला तर जबाबदार कोण, असा आक्षेप येईल. डॉक्टरने आज तपासून दिलेला दाखला उद्याच्या तापाची हमी नसतो, तरीही आपण तो घेतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. तपासणीत उतरलेल्या यंत्राचा भाव चढेल, आणि आज जो अगदी गरीब शेतकरी नशिबाने चांगला ट्रॅक्टर स्वस्तात पटकावतो त्याची ती संधी जाईल. हे खरे आहे. परंतु त्या एकाच्या नशिबामागे वाईट ट्रॅक्टर चांगल्याच्या भावाने घेतलेले कितीजण असतात, याचा हिशेब आज कोणीच ठेवत नाही. तपासणीचे कागद साठत गेले तर तो प्रथमच ठेवला जाईल. कोणत्या कंपनीचा, कोणत्या सालचा, कोणत्या कामातला ट्रॅक्टर कशाने मोडतो, याची ही जिल्ह्याजिल्ह्याची वही बुधनीच्या परीक्षेला जोड म्हणून उभी राहील, आणि सुट्या भागांची सक्ती मागताना आपल्या हाती जाहीरनाम्यापेक्षा काही ठोस असेल.

शासनाने हे मान्य करीपर्यंत थांबण्याचे कारण नाही. जुन्या ट्रॅक्टरांचे सौदे गुढीपाडवा ते मृग ह्या काळात मोठ्या प्रमाणावर होतात. ज्या तालुक्यांत आपल्या शाखा आहेत तेथे दोन मेस्त्री, एक निवृत्त निदेशक आणि परिवहन कार्यालयाचे कागद वाचता येणारा एक कार्यकर्ता एवढी माणसे जमविणे अशक्य नाही. बाजाराच्या दिवशी झाडाखाली एक टेबल मांडावे. तपासणीचा तक्ता छापून घ्यावा, साध्या मराठीत, एका पानाचा: ब्रेक, झाकण, दिवा, मग धूर, ऑइल, पाणी, मग लिफ्ट, क्लच, गिअर, मग कागद. आणि तक्त्याच्या शिरोभागी, मालकाच्या नावाच्या वर, एक रकाना असावा: हा ट्रॅक्टर आजवर कोणी चालविला, आणि तो काय म्हणतो.